तळ्याकाठी तीन रात्री

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. डॅलसच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरून बसले होते आणि नाशिकहून फोनवर बाबा विचारत होते, "गाडीची लांबी किती?"

"पंचवीस फूट."

"म्हणजे एस.टी.पेक्षा दहा-अकरा फूट कमीच. मग भ्यायचं कारण नाही. वळताना मागच्या अंगावर नजर ठेवायची, एवढंच."

बाबांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. कसारा घाट ते किती वेळा उतरले असतील, याचा हिशेब त्यांनीही कधी ठेवला नाही. जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे येणार होते. आधीच्या खेपेला आम्ही त्यांना नऊ दिवसांत सात गावं दाखवली होती. रोज बॅगा भरायच्या, रोज नवं हॉटेल, रोज बाहेरचं खाणं. परत जाताना विमानतळावर आई म्हणाली होती, "सगळं छान होतं गं, पण बसायला कुठे मिळालंच नाही." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नव्हतं. या वेळी एकच जागा ठरवायची आणि तिथे बसायचं, असं आम्ही नवराबायकोनं पक्कं केलं. आईचे गुडघे दुखतात. तिला झोपायला स्वतःचा पलंग, जवळ संडास आणि चहा करायला स्वतःची शेगडी हवी. तंबू बाद झाला, हॉटेलही बाद झालं. उरली आरव्ही.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. तिचे प्रकार बरेच आहेत. क्लास ए बसएवढी, क्लास बी व्हॅनच्या आत बसवलेली, आणि क्लास सी ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. या क्लास सीमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग येतो आणि मुलांचा जीव त्याच पलंगात अडकतो. आपल्या गाडीमागे ओढून न्यायची ट्रेलर हा आणखी वेगळा प्रकार, पण सवय नसेल तर भाड्याच्या पहिल्या प्रवासात तिच्या वाटेला जाऊ नये. आम्ही क्लास सी घेतली. भाड्याने घेताना एक गोष्ट नीट पाहावी. जाहिरातीत 'सहा जण झोपू शकतात' असं लिहिलेलं असतं, पण धावत्या गाडीत बसायला सीटबेल्ट किती आहेत, हा प्रश्न वेगळा. आई-बाबा, आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं असे आम्ही सहा जण होतो, म्हणून दोन ठिकाणी फोन करून बेल्ट मोजून घेतले आणि मगच गाडी ठरवली.

जागा मात्र मी आधीच मनात धरली होती. वायोमिंग राज्यातलं ग्रँड टीटॉन नॅशनल पार्क आणि त्यातलं जॅक्सन लेक. अमेरिकेत डोंगरातली तळी शेकड्यांनी आहेत, पण इथे डोंगर तळ्याच्या काठावरून सरळ उभा राहतो. आपल्याकडे कळसूबाईला जाताना आधी टेकाडं लागतात, मग सोंड, मग कडा. टीटॉनला ती पायरीच नाही. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मोठी भेग आहे. तिच्या एका बाजूला शिखरं वर उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूला दरी खाली बसली. मधल्या टेकड्यांना जागाच उरली नाही. ही उचल एक कोटी वर्षांच्या आतली, म्हणजे रॉकी पर्वतातली सगळ्यात तरुण रांग ही. आणि तिच्यातला काही दगड मात्र सुमारे २७० कोटी वर्षांचा. ग्रँड टीटॉन हे मुख्य शिखर १३,७७५ फूट उंच आहे. तळं ६,७७२ फुटांवर. म्हणजे नुसत्या तळ्याच्या काठावर उभं राहिलं तरी आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजारभर फूट वर असतो.

या उंचीचा विचार वयस्क माणसांबरोबर जाताना करावाच लागतो. आई-बाबांना डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारून घेतलं. पोचल्यावर पहिला दिवस रिकामा ठेवायचा आणि तहान लागो न लागो, पाणी पीत राहायचं, हे दोन नियम ठरवले. सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय जॅक्सन गावात आहे, हेही नकाशावर खूण करून ठेवलं.

आरक्षणाचं काम मला आधी वाटलं त्याहून अवघड निघालं. पार्कमधल्या बहुतेक कॅम्पग्राउंडची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडते आणि उन्हाळ्यातल्या जागा बघता बघता जातात. पण जागा मिळणं हा अर्धाच भाग. कुठल्या जागेवर कुठली गाडी चालते हे पाहावं लागतं. जेनी लेकचं कॅम्पग्राउंड सगळ्यांना हवं असतं, पण ते फक्त तंबूंसाठी आहे. सिग्नल माउंटनला तीस फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. ग्रो व्हाँत्र मोठं आहे, पण ते तळ्यापासून लांब, पार्कच्या दक्षिण टोकाला. आम्हाला हवं होतं कोल्टर बे. तिथे साध्या जागा वेगळ्या आणि आरव्ही पार्क वेगळं. आरव्ही पार्कमध्ये ११२ जागा आहेत आणि प्रत्येक जागेवर पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाणी सोडायचं तोंड आहे. याला फुल हूकअप म्हणतात. माझं मत विचाराल तर घरात सत्तरीची माणसं असतील तेव्हा हूकअपसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. हूकअप नसेल तर रात्री हीटरचा पंखा गाडीच्या बॅटरीवर फिरतो आणि पहाटे बॅटरी बसली की थंडीचा पहिला फटका त्यांनाच बसतो. जनरेटर असतो, पण तो ठरावीक वेळेतच लावायची परवानगी असते आणि शेजारच्या तंबूत झोपलेल्या माणसाचाही विचार करायला हवा.

आम्हाला जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या तीन रात्री मिळाल्या. त्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन रात्री वाटेत. एकूण पाच.

आई-बाबांसारखे परदेशी नागरिक बरोबर असतील तर प्रवेशाचे नियम आधी वाचून घ्या. २०२६च्या सुरुवातीपासून ग्रँड टीटॉन आणि यलोस्टोनसह अकरा पार्कमध्ये अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसांकडून माणशी १०० डॉलर जास्तीचे घेतले जातात. वार्षिक पासचे दरही त्यांच्यासाठी वेगळे आहेत. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर हा आकडा खर्चात धरायलाच हवा.

आम्ही विमानानं सॉल्ट लेक सिटीला उतरलो आणि गाडी तिथून घेतली. तिथून कोल्टर बे साधारण ३२० मैल. या गाड्या गॅलनला आठ ते दहा मैल धावतात. जाऊन-येऊन आणि तिथलं थोडं फिरणं धरून आम्ही शंभर गॅलन पेट्रोलचा अंदाज बांधला होता. भाड्यात मैलांची मर्यादा किती, त्यावर दर मैलाला किती, ताटं-वाट्या आणि अंथरूण-पांघरुणाचे पैसे वेगळे आहेत का, हे सगळं लेखी घ्यावं. गाडी हातात देताना माणूस वीस मिनिटांत सगळं दाखवतो आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. मुलीनं त्याचं बोलणं फोनवर चित्रित करून ठेवलं. पुढच्या पाच दिवसांत ते चित्रण आम्ही सात-आठ वेळा पाहिलं असेल. बाबा मात्र त्याच्या मागे न जाता गाडीभोवती एकटेच फिरत होते. टायरवर हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, मागच्या दिव्यांशी थांबले. सहाही चाकांची हवा मोजायला लावली. एकात कमी होती, ती भरून घेतली.

पहिली रात्र मुद्दाम जवळ ठेवली होती. गाडी दुपारी ताब्यात मिळते, मग वाणसामान, आणि त्यानंतर डोंगरात तीनशे मैल अंधारात चालवणं म्हणजे वेडेपणा. लोगन गावावरून रस्ता लोगन कॅनियनमध्ये शिरतो. नदीच्या कडेकडेनं चाळीस मैल वळणं घेत वर चढतो आणि माथ्यावरून एकदम बेअर लेक दिसतं. पाण्याचा रंग निळाही नाही आणि हिरवाही नाही. पाण्यात चुनखडीचे बारीक कण तरंगत राहतात, त्यांच्यावरून उजेड परतून तो रंग येतो. तिथून गाडी खाली घेताना मी ब्रेकवर पाय ठेवला. शेजारच्या सीटवरून बाबा शांतपणे म्हणाले, "ब्रेक तापवू नकोस. ज्या गिअरमध्ये चढतेस त्याच गिअरमध्ये उतरायचं." गिअरच्या दांड्यावर एक बटण होतं. चढ-उतारात ओझं ओढताना ते दाबायचं असतं. दाबल्याबरोबर इंजिननंच गाडी धरून ठेवली. कसाऱ्याचा नियम इथेही जसाच्या तसा लागू पडला. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूच्या रुंद जागेत थांबून त्यांना पुढे सोडायचं, हेही त्यांनीच लावून दिलं.

त्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडमध्ये गाडी मागे घेऊन लावायची होती. बाबा मागे उतरून उभे राहिले आणि गाडीच्या पत्र्यावर हातानं टकटक करून खुणा देऊ लागले. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की चल. कंडक्टरच्या घंटीचीच भाषा ती. माझा दहा वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ उभा राहून ती शिकला आणि पुढे सगळ्या प्रवासात तोच आमचा कंडक्टर झाला.

नळ, वीज, गटार जोडायचा पहिला सराव तिथेच झाला आणि त्यात आमची एक चूकही झाली. अशा गाडीचं विजेचं जोडणं बहुधा ३० अँपिअरचं असतं. म्हणजे १२० व्होल्टवर सगळं मिळून ३,६०० वॅट. आईनं विजेचा कुकर लावला, नवऱ्यानं तिच्या पायाशी छोटा हीटर ठेवला आणि मी चहासाठी विजेची किटली सुरू केली. एका क्षणात सगळं बंद पडलं. आपल्या घरात एवढी तीन यंत्रं एकत्र चालणं रोजचंच, म्हणून ते लक्षातच आलं नाही. तेव्हापासून ठरलं, ऊब देणाऱ्या वस्तू एका वेळी दोनच. आणि स्वयंपाक शक्यतो गॅसवर.

दुसऱ्या दिवशी बेअर लेकहून उत्तरेला आयडाहोतलं माँटपीलियर, मग वायोमिंगमधलं अॅफ्टन. तिथे मुख्य रस्त्यावर एल्क हरणांच्या तीन हजारांहून जास्त शिंगांची कमान आहे. एल्कची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात, त्यामुळे ती जमवायला कुणाला मारावं लागत नाही, हे कळल्यावर आईचा चेहरा निवला. पुढे अल्पाइनपासून रस्ता स्नेक नदीच्या घळीतून जातो. या वाटेला लागण्याचं आणखी एक कारण होतं. आयडाहोच्या बाजूनं येणाऱ्यांना फोनवरचा नकाशा टीटॉन पासची जवळची वाट सुचवतो. ती ८,४३१ फुटांवरून जाते आणि तिचा उतार शंभर फुटांना दहा फूट आहे. भाड्याच्या मोठ्या गाडीनं ती वाट धरू नये. पार्कमध्ये मूस-विल्सन रस्त्यावर आणि सिग्नल माउंटनच्या माथ्याच्या रस्त्यावरही आरव्हीला मनाई आहे. फोनच्या नकाशाला आपल्या गाडीची उंची-रुंदी माहीत नसते. आम्ही कागदी नकाशावर अशा वाटा लाल पेन्सिलीनं खोडून ठेवल्या होत्या. पार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा तोच कागद कामी आला.

जॅक्सन गाव मागे पडलं, रस्ता चढून वर आला आणि डाव्या हाताला अख्खी रांग उघडी झाली. मी गाडी बाजूला घेतली. जून संपत आला तरी शिखरांवर बर्फ भरपूर होता. खालच्या माळावर पिवळी आणि जांभळी फुलं होती. कुणी काही बोललं नाही. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कोल्टर बेला पोचल्यावर नळी जोडणं, गाडी पातळीत आणायला चाकाखाली फळ्या सरकवणं, वीज लावणं, सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. सांडपाण्याचं काम मात्र जरा सविस्तर सांगते. लोक ते टाळतात आणि मग घोटाळा होतो. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी न्हाणीघर आणि बेसिनच्या पाण्याची, तिला ग्रे म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक. हूकअप असलं तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवायची नसते. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घाण तळाशी साचून घट्ट होते. ती टाकी बऱ्यापैकी भरू द्यायची. मग हातमोजे घालून आधी ब्लॅक सोडायची आणि ती रिकामी झाली की ग्रे. ग्रेच्या साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुऊन निघते. नळीला सलग उतार हवा, मध्ये झोळ पडता कामा नये. हे काम बाबांनी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तेव्हा ते गुडघ्यावर बसून नळीखाली चपटे दगड रचत होते. दोन पावलं मागे जाऊन उतार डोळ्यानं जोखायचे, मग पुन्हा एक दगड सरकवायचे. "पाणी आपली वाट सोडत नाही," ते म्हणाले, "वाट आपण नीट द्यायची."

रात्री पारा शून्याजवळ येतो, म्हणून झोपायच्या आधी गाडीची टाकी भरून घ्यायची आणि नळाची रबरी नळी सोडवून रिकामी करून ठेवायची. तिच्यात पाणी राहिलं आणि गोठलं तर सकाळी चहालाही पाणी नाही. गरम पाण्याची टाकी जेमतेम सहा गॅलनची असते. अंग ओलं करायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग पुन्हा नळ. दुष्काळातल्या गावी लहानपण काढलेल्या आईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिनंच मुलांना शिकवलं.

स्वयंपाकघरातली गोष्ट अशी की या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा दाताखाली येतो. शिट्टीचा कुकर मी डॅलसहून बॅगेतून नेला होता. त्यानं तीन दिवस आमची लाज राखली. भात, वरण, एकदा मुगाची खिचडी, एका रात्री आईच्या हातचं पिठलं आणि घरून नेलेल्या दशम्या. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात होतीच. सॉल्ट लेक सिटीतच वाणसामान भरून घ्यावं. जॅक्सनमध्ये सगळं मिळतं, पण महाग.

मात्र हा अस्वलांचा मुलूख आहे. काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझलीही. अन्न, कचरा, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा, वासाची कुठलीही वस्तू बाहेर टेबलावर ठेवून आत जायचं नाही. भांडी धुतलेलं पाणी जमिनीवर फेकायचं नाही. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की अस्वल पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. आपल्या एका उघड्या डब्याची किंमत त्या जनावरानं द्यावी, हे मला सहन होत नाही. म्हणून मी या बाबतीत घरात फार कडक होते. अस्वल आणि लांडग्यांपासून शंभर यार्ड, बाकी जनावरांपासून पंचवीस यार्ड दूर राहायचा नियम आहे. अस्वलासाठीचा तिखट फवारा विमानातून नेता येत नाही, अगदी सामानाच्या बॅगेतही नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. तो हाताशी, कमरेला हवा. बॅगेच्या तळाशी ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. आम्हाला अस्वल दिसलं नाही. एक मूस मात्र विलोच्या झुडपात गुडघाभर पाण्यात उभं राहून चरताना दिसलं, आम्ही रस्त्याच्या कडेला लांब थांबलो होतो. मुलगी कुजबुजत म्हणाली, "आजी, ते म्हशीसारखं शांत आहे." डास मात्र जूनमध्ये खूप असतात. सायंकाळी अंगभर कपडे हवेतच.

आता यलोस्टोनबद्दल. कोल्टर बेपासून यलोस्टोनचं दक्षिण दार वीस मैलांवर आहे. ज्याला ज्याला सांगितलं त्यानं विचारलं, "इतक्या जवळ जाऊन यलोस्टोन नाही?" नवऱ्यालाही ते पटत नव्हतं. ओल्ड फेथफुलचा फवारा जाऊन-येऊन एका दिवसात होतो, हे खरं आहे. पण आमच्याबरोबर दुसरी छोटी गाडी नव्हती. कुठेही जायचं म्हटलं की नळी सोडवा, वीज काढा, भांडी कपाटात बंद करा, सगळं घर घेऊन निघा आणि संध्याकाळी दमून परत मांडा. आरव्हीच्या प्रवासात दिवस मोजताना गाडी हलणार कधी आणि हलणार नाही कधी, हे आधी ठरवावं, असं मला आता ठाम वाटतं. कोल्टर बेच्या पहिल्या रात्री जेवताना बाबांनी आईला विचारलं, "तुला काय हवं?" आई म्हणाली, "मला हे पाणी बघायचंय."

मग गाडी हललीच नाही.

पहाटे पाचला मी आणि आई शाली गुंडाळून काठावर गेलो. कोल्टर बेचा काठ वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. तांबूस, हिरवट, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे गुळगुळीत गोटे. डोंगर तळ्याच्या पश्चिमेला असल्यामुळे सूर्य आपल्या पाठीमागून उगवतो. आपण अजून सावलीत असतो आणि समोर शिखरांच्या टोकांना गुलाबी रंग चढायला लागतो. बरोबर समोर माउंट मोरन, १२,६०५ फूट. त्याच्या कड्यावर काळ्या दगडाची एक उभी रेघ आहे. मूळ खडक फुटून त्यात वितळलेला रस शिरला आणि थिजला, त्याची ती रेघ. त्या रेघेवरून ऊन हळूहळू खाली सरकताना दिसत होतं. आईनं एक ओला गोटा उचलला आणि पदरानं पुसला. पुसल्यावर त्याचा रंग गेला. तिनं तो पुन्हा पाण्यात बुडवला आणि रंग परत आला. असं तिनं तीन-चारदा केलं आणि मग तो होता तिथे ठेवून दिला, कारण पार्कमधून दगडसुद्धा न्यायचा नसतो. आम्ही जवळजवळ दोन तास तिथे होतो.

दुपारी धक्क्यावरून बोटीची सहल घेतली. ती वयस्क माणसांना फार सोयीची आहे, चालावं लागत नाही. मुलं आणि नवरा भाड्याची कनू घेऊन आसपास फिरले. पाणी बर्फाचंच, पाय घातला तर हाडापर्यंत झिणझिण्या येतात. स्वतःची होडी, अगदी हवा भरायचीसुद्धा, नेणार असाल तर तिचा परवाना आणि तपासणी लागते.

बाबांनी तळं पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "धरण कुठे आहे?" मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "काठावर पाण्याची रेघ बघ ना." खरंच होतं. जॅक्सन लेक मूळचं हिमनदीनं कोरलेलं, पण त्याच्या तोंडावर धरण आहे. पहिला लाकडी बांध १९१०मध्ये फुटला, मग काँक्रीटचा आला आणि १९१६पर्यंत त्याची उंची वाढवली गेली. तळ्याचं वरचं ३९ फूट पाणी धरणानं अडवलेलं आहे आणि ते आयडाहोच्या शेतीला जातं. कोरड्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी काठ बराच आत सरकतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्यांनी पाण्याची पातळी आधी पाहावी. भंडारदऱ्याचं धरणही त्याच काळात बांधलं जात होतं, ते १९२६ला पुरं झालं. बाबा तळ्याकडे बघत भंडारदऱ्याचं बोलत राहिले, पावसाळ्यात घाटातलं धुकं, वाटेत अडलेली एस.टी., उतारूंनी मिळून बाजूला केलेली दरड. मुलांनी हे कधी ऐकलं नव्हतं. मीही सगळं ऐकलं नव्हतं.

या दरीची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९२९ला पार्क झालं तेव्हा त्यात मुख्यतः डोंगर आणि पायथ्याची काही तळी होती, समोरची दरी आणि जॅक्सन लेक नव्हतं. जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी एका कंपनीच्या नावानं, आपलं नाव पुढे न येऊ देता, दरीतली सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेतली, ती सरकारला देण्यासाठी. स्थानिक लोकांचा विरोध वर्षानुवर्षं चालला. जमीन १९४९मध्ये सुपूर्द झाली आणि १९५०मध्ये आजचं पार्क तयार झालं. ज्यांची कुरणं गेली त्यांचा राग मला समजतो. तरी त्या काठावर बसल्यावर हॉटेलांची रांग दिसत नाही, पाणी, झाडी आणि डोंगर एवढंच दिसतं, त्याचं कारण हा व्यवहार आहे. त्याच्याही आधी शोशोनी लोक उन्हाळ्यात या पाण्याजवळ मुक्कामाला येत. जेनी लेकला जिचं नाव आहे ती जेनी शोशोनी होती. १८७६मध्ये देवीच्या साथीत ती आणि तिची मुलं गेली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी तिनं पाण्याला हात जोडले.

तिथल्या चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. टाक्या सोडून झाल्या, आधी ब्लॅक, मग ग्रे. बाबांनी नळी धुतली, गुंडाळली, टोपण घट्ट बसवलं आणि रचलेले दगड एकेक करून पुन्हा होते तिथे नेऊन ठेवले. मी आतली कपाटं, फ्रिजचं दार, गॅस तपासला. नवऱ्यानं वीज काढली. आई शेवटचा एकदा काठावर जाऊन आली, तिच्या चपलांना ओली माती होती. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. बाहेर मुलानं गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, वर छताकडे पाहिलं, आणि चढता चढता दाराशेजारच्या पत्र्यावर हात मारला.

टक टक.

बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी गाडी गिअरमध्ये टाकली.